रांगेची नोंद: वेस्ट बँकेतील तपासनाके आणि त्यांवर उभे राहणारे निरीक्षक

लष्करी ताब्याखालील प्रदेशात सामान्य माणसाची सत्तेशी गाठ पडते ती बहुतेक वेळा रस्त्यावर. शेतावर, मजुरीला, शाळेला किंवा दवाखान्यात जाताना त्याला थांबवले जाते, त्याची कागदपत्रे पाहिली जातात आणि तो पुढे जाणार की मागे फिरणार हे त्या क्षणी समोर उभा असलेला सैनिक ठरवतो. १९६७ च्या युद्धात इस्रायलने जिंकलेल्या वेस्ट बँकेत, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडील पॅलेस्टिनी प्रदेशात, ही गाठ ज्या ठिकाणी पडते त्याला हिब्रूत ‘माखसोम’ आणि अरबीत ‘हाजिज’ म्हणतात. मराठीत त्याला तपासनाका म्हणता येईल. या नाक्यांवर सैनिक आणि प्रवासी यांच्याखेरीज तिसरा एक गट गेली दोन दशके उभा राहत आला आहे. त्याच्या हाती शस्त्र नाही, अधिकारही नाही. आहे ती वही, घड्याळ आणि दूरध्वनी. हे स्वयंसेवी निरीक्षक काय नोंदवतात, त्या नोंदींचे मोल कशात आहे आणि त्यांची मर्यादा कोणती, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

मुक्त वाटेपासून परवान्यापर्यंत

नाक्यांची आजची व्यवस्था १९६७ पासून जशीच्या तशी नव्हती. १९७२ मध्ये इस्रायलच्या लष्करी प्रशासनाने वेस्ट बँक आणि गाझा येथील रहिवाशांना सरसकट प्रवेशाची मुभा दिली आणि रात्री मुक्काम करण्याची बंदी वगळता हे लोक इस्रायलमध्ये कामाला, बाजाराला, नातलगांकडे बऱ्याच अंशी मोकळेपणाने जाऊ-येऊ लागले. जानेवारी १९९१ मध्ये, आखाती युद्धाच्या वेळी, ही सरसकट मुभा रद्द झाली आणि तिच्या जागी प्रत्येक व्यक्तीने स्वतंत्र परवाना घेण्याची पद्धत आली. मार्च १९९३ मध्ये इस्रायली नागरिकांवरील हल्ल्यांनंतर सर्वसाधारण नाकेबंदी जाहीर झाली आणि ती पुढे कायमचीच ठरली. या बदलाचा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे, कारण पूर्वी जाणे-येणे हा नियम होता आणि मनाई हा अपवाद, तर १९९१ नंतर मनाई हाच नियम बनला आणि जाणे-येणे हा अर्ज करून मिळवायचा अपवाद झाला.

१९९३ आणि १९९५ च्या ऑस्लो करारांनी वेस्ट बँकेची अ, ब आणि क अशी तीन प्रकारच्या क्षेत्रांत विभागणी केली. मोठी पॅलेस्टिनी शहरे अ क्षेत्रात आली आणि तेथील नागरी कारभार व पोलीस व्यवस्था पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे गेली. ब क्षेत्रात नागरी कारभार प्राधिकरणाकडे, तर सुरक्षेवरील अंतिम नियंत्रण इस्रायलकडे राहिले. आणि एकूण भूभागाचा सुमारे ६० टक्के भाग व्यापणारे क क्षेत्र पूर्णपणे इस्रायलच्या नियंत्रणाखाली राहिले. अ आणि ब ही क्षेत्रे सलग नसून क क्षेत्राने वेढलेल्या तुकड्यांच्या स्वरूपात असल्यामुळे एका पॅलेस्टिनी शहरातून दुसऱ्यात जाणाऱ्या माणसालाही इस्रायली लष्कराच्या नियंत्रणातील रस्ता ओलांडावा लागतो. म्हणूनच इस्रायलच्या सीमेवरील नाक्यांइतकेच, किंबहुना त्यांहूनही अधिक, महत्त्वाचे ठरतात ते वेस्ट बँकेच्या पोटातील नाके.

सप्टेंबर २००० च्या अखेरीस दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी उठाव, सुरू झाला. त्या काळात आत्मघाती हल्ल्यांत शेकडो इस्रायली नागरिक मारले गेले. मार्च २००२ मध्ये नेतान्या शहरातील एका हॉटेलात पासओव्हर सणाच्या भोजनाच्या वेळी झालेल्या एकाच स्फोटात ३० जणांचा बळी गेला. हल्लेखोर इस्रायली शहरांत पोहोचू नयेत हे नाक्यांचे आणि २००२ पासून उभारल्या गेलेल्या विभाजक भिंतीचे इस्रायलने दिलेले कारण आहे, आणि आपल्या नागरिकांचे रक्षण करणे हे कोणत्याही राज्याचे कर्तव्य आहे याविषयी वाद असण्याचे कारण नाही. वाद आहे तो साधनांविषयी. भिंतीचा नियोजित मार्ग सुमारे ७१० किलोमीटर, म्हणजे इस्रायल आणि वेस्ट बँक यांमधील १९४९ च्या युद्धविराम रेषेच्या दुपटीहून अधिक लांबीचा आहे, आणि त्याचा सुमारे ८५ टक्के भाग त्या रेषेवर न जाता वेस्ट बँकेच्या आतून जातो. ९ जुलै २००४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेल्या सल्लात्मक मतात, व्याप्त प्रदेशातील भिंतीचे बांधकाम आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरोधात असल्याचे म्हटले.

नाक्याची रचना

अडथळा म्हणजे दर वेळी शिपाई उभा असलेला नाकाच असतो असे नाही. संयुक्त राष्ट्रांचे मानवतावादी समन्वय कार्यालय वेस्ट बँकेतील अडथळ्यांची ठरावीक काळाने मोजणी करते आणि त्या मोजणीत कायमचे व अधूनमधून चालणारे नाके, रस्त्यावरील लोखंडी फाटके, मातीचे ढिगारे, काँक्रीटचे ठोकळे आणि चर अशा सर्वांचा समावेश असतो. या मोजणीनुसार २०१८ मध्ये ७०५, २०२३ च्या आरंभी ६४५ आणि २०२५ च्या आरंभी ८४९ अडथळे होते. यांखेरीज काही तासांपुरते अचानक उभे राहणारे ‘फिरते नाके’ असतात, ज्यांची जागा आणि वेळ आधी कोणालाच ठाऊक नसते.

नाक्यावर आलेल्या माणसाची वाट त्याच्या कागदपत्रांवर ठरते. वेस्ट बँकेतील रहिवाशाचे ओळखपत्र हिरव्या आवरणात असते, तर इस्रायली नागरिकाचे आणि पूर्व जेरुसलेमच्या रहिवाशाचे निळ्या. इस्रायली मोटारींना पिवळ्या पट्ट्या असतात आणि पॅलेस्टिनी मोटारींना पांढऱ्या-हिरव्या. हिरवे ओळखपत्र असलेल्याला जेरुसलेममध्ये किंवा इस्रायलमध्ये जाण्यासाठी परवाना लागतो, आणि परवान्यावर कारण, मुदत व पुष्कळदा दिवसातील तासही नमूद असतात. हे परवाने १९८१ मध्ये स्थापन झालेल्या इस्रायली ‘नागरी प्रशासना’च्या जिल्हा समन्वय कार्यालयांतून मिळतात, या खात्याच्या नावात नागरी हा शब्द असला तरी ते लष्कराचाच भाग आहे.

रामल्ला आणि जेरुसलेम यांच्यामधील कलंदिया, बेथलेहेमच्या उत्तरेकडील ‘नाका ३००’ किंवा तुलकर्मजवळील इर्ताह यांसारख्या मोठ्या नाक्यांना २००५ नंतर टर्मिनलचे रूप आले. तेथे जाळीच्या अरुंद गल्ल्या, लोखंडी फिरती दारे, क्ष-किरण यंत्रे आणि काचेआडून ध्वनिक्षेपकावर दिलेले हुकूम अशी रचना आहे, आणि काही ठिकाणी सैनिकांच्या जोडीला किंवा त्यांच्या जागी खासगी सुरक्षा कंपन्यांचे कर्मचारी काम करतात. वास्तुरचना आणि लष्करी सत्ता यांच्या संबंधांचे अभ्यासक एयाल वाइझमन यांनी असे दाखवून दिले आहे की, इस्रायलमधील सार्वजनिक ठिकाणच्या फिरत्या दारांचे दांडे ७५ ते ९० सेंटिमीटर लांबीचे असताना नाक्यांवरील दारांसाठी ते ५५ सेंटिमीटरचे करून घेण्यात आले. सामान घेतलेला मजूर, गरोदर स्त्री किंवा कडेवर मूल असलेली आई यांना त्या वीस ते पस्तीस सेंटिमीटरांच्या फरकाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

माखसोम वॉच

२००१ च्या आरंभी जेरुसलेममधील तीन इस्रायली स्त्रियांनी, रॉनी येगर, येहुदित केशेत आणि आदी कुन्त्समन यांनी, ‘माखसोम वॉच’ हा गट सुरू केला. नाक्यांवर सैनिक पॅलेस्टिनींशी कसे वागतात याविषयी येणाऱ्या बातम्या प्रत्यक्ष जाऊन पाहाव्यात, जे दिसेल ते लिहून काढावे आणि ते इस्रायली समाजापुढे ठेवावे, असा त्यामागचा साधा विचार होता. काही वर्षांतच या गटात शेकडो स्त्रिया आल्या. त्यांत निवृत्त शिक्षिका, डॉक्टर, प्राध्यापिका, समाजकार्यकर्त्या, आणि स्वतःची मुले-नातवंडे सैन्यात असलेल्या आया-आज्या यांचा भरणा मोठा होता.

गट फक्त स्त्रियांचा ठेवण्यामागे विचार होता. इस्रायलमध्ये बहुसंख्य ज्यू पुरुषांनी लष्करी सेवा केलेली असते आणि नाक्यावर दोन पुरुष समोरासमोर आले की प्रसंग पटकन चकमकीकडे झुकतो. स्त्रियांच्या, त्यातही वयस्क स्त्रियांच्या, उपस्थितीने ताण निवळण्याची शक्यता अधिक. याहून खोल कारण असे की, सुरक्षेच्या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार ज्या समाजात प्रामुख्याने माजी सेनाधिकाऱ्यांचा मानला जातो, तेथे त्या विषयावर लष्करी अनुभवाचा दाखला न देता बोलण्याचा हक्क या स्त्रिया बजावत होत्या. १९८८ पासून ताब्याच्या निषेधार्थ दर शुक्रवारी चौकात काळ्या वेशात उभ्या राहणाऱ्या ‘विमेन इन ब्लॅक’ या चळवळीने अशा उभे राहण्याची वाट आधीच घालून दिली होती.

त्यांच्या कामाची पद्धत शिस्तबद्ध आहे. दोन ते चार जणींचा गट सकाळच्या किंवा दुपारच्या पाळीला ठरलेल्या नाक्यावर जातो. ओळख पटावी म्हणून छातीवर बिल्ला असतो. रांगेत किती माणसे आहेत, किती मार्ग चालू आहेत, एका माणसाला पार होण्यास किती वेळ लागतो, कोणाला अडवून बाजूला बसवले आहे आणि किती वेळ, कोणत्या कारणाने कोणाला परत पाठवले, हे टिपले जाते. अडलेला माणूस रुग्ण असेल किंवा एखाद्याला विनाकारण तासन्‌तास बसवून ठेवले असेल, तर जिल्हा समन्वय कार्यालयाला, लष्कराच्या मदतकक्षाला किंवा त्या भागाच्या अधिकाऱ्याला दूरध्वनी केला जातो. पाळी संपल्यावर तारीख, वेळ आणि ठिकाण यांसह अहवाल लिहिला जातो आणि तो हिब्रू व इंग्रजीत प्रसिद्ध होतो.

नोंदींतून काय दिसले

सततच्या नोंदींतून पहिली ठळक गोष्ट पुढे आली ती नियमांच्या अनिश्चिततेची. उठावाच्या वर्षांत नाब्लसच्या दक्षिणेकडील हुवारा किंवा पश्चिमेकडील बेत इबा या नाक्यांवर कधी १६ ते ३५ वयोगटातील सर्व पुरुषांना शहराबाहेर जाण्यास मनाई होई, कधी ती मर्यादा बदले, कधी विद्यार्थ्यांना सूट मिळे, कधी नाही. हे आदेश प्रवाशांना आधी कळवले जात नसत आणि नाक्यावरही ते लावलेले नसत. हागर कोटेफ आणि मेराव अमीर या दोन अभ्यासकांनी अशा ठिकाणच्या एका विशेष प्रकाराकडे लक्ष वेधले आहे: रांगेने कोठे थांबायचे याची रेघ जमिनीवर आखलेली नसते, ती सैनिकाच्या मनात असते, आणि जिच्यावर पाय पडला म्हणून शिक्षा होते ती रेघ शिक्षा होईपर्यंत कोणालाच दिसत नाही. नियम माहीत नसेल तर तो पाळता येत नाही, आणि जो पाळता येत नाही त्याच्याखाली जगणारा माणूस कायमचा संभाव्य अपराधी होऊन बसतो.

दुसरी गोष्ट वेळेची. इस्रायलमध्ये मजुरीला जाणारे कामगार, सकाळी सातला कामावर हजर व्हायचे म्हणून, पहाटे तीन-चारपासूनच नाका ३०० किंवा इर्ताह येथे रांग लावत. घरून ते मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात निघालेले असत. प्रत्यक्ष अंतर काही किलोमीटरांचे, पण तपासणीला कधी वीस मिनिटे लागतील तर कधी दोन तास, हे सांगता येत नसल्यामुळे प्रत्येक दिवस सर्वांत वाईट शक्यता धरून सुरू करावा लागे. कोणताही एक विलंब न्यायालयात नेण्याजोगा नसतो. तो रोज, हजारो माणसांना, वर्षानुवर्षे सोसावा लागतो हे दाखवायचे तर वर्षानुवर्षे कोणी तरी तो मोजलेला असावा लागतो, आणि या स्त्रियांच्या कामाचे खरे मोल येथे आहे.

तिसरी गोष्ट आजारपणाची. जेरुसलेममधील मकासिद किंवा ऑगस्टा व्हिक्टोरिया या पॅलेस्टिनी रुग्णालयांत, जेथे वेस्ट बँकेत न मिळणारे उपचार होतात, जाणाऱ्या रुग्णाला परवाना लागतो, आणि रुग्णवाहिकेतील रुग्णाला बहुधा नाक्यावर एका वाहनातून उतरवून दुसऱ्या, इस्रायली नोंदणीच्या रुग्णवाहिकेत हलवावे लागते. उठावाच्या पहिल्या काही वर्षांत ६० हून अधिक पॅलेस्टिनी स्त्रियांची प्रसूती नाक्यांवर झाल्याचे आणि त्यांतील अनेक अर्भके दगावल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कविषयक अहवालांत नोंदले गेले आहे.

चौथी गोष्ट नाक्यापासून दूर, कार्यालयात घडते. हजारो पॅलेस्टिनींच्या नावापुढे ‘शबाक’ या अंतर्गत गुप्तचर संस्थेने मनाईची खूण केलेली असते आणि तिचे कारण त्यांना सांगितले जात नाही. अशा माणसाला परवाना मिळत नाही, म्हणजेच रोजगार मिळत नाही. माखसोम वॉचच्या एका तुकडीने अशा लोकांना अर्ज व याचिका करण्यास मदत केली, तेव्हा असे आढळले की अनेकांवरील मनाई कायदेशीर दाद मागताच उठवली जाते. ज्याला काल सुरक्षेसाठी धोका मानले गेले तो केवळ वकिलाने कागद दाखल केल्याने निर्धोक ठरत असेल, तर मुळातील निर्णय कितपत तपासून घेतला होता, हा प्रश्न त्यातून अटळपणे उभा राहतो.

पाचवी गोष्ट शेतीची. भिंत आणि युद्धविराम रेषा यांच्यामध्ये अडकलेल्या पट्ट्यासाठी ऑक्टोबर २००३ पासून स्वतंत्र परवाना लागू झाला आणि जय्यूस, फलामिया, हबला यांसारख्या गावांच्या शेतकऱ्यांना स्वतःच्याच जमिनीत जाण्यासाठी भिंतीतील फाटक उघडण्याची वाट पाहावी लागू लागली. काही फाटके दिवसातून दोन-तीनदा थोड्या वेळापुरती, काही आठवड्यातून ठरावीक दिवशी, तर काही केवळ ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील ऑलिव्हच्या तोडणीपुरती उघडतात. ऑलिव्हच्या झाडाला मात्र नांगरट, छाटणी आणि तणकाढणी वर्षभर लागते, त्यामुळे वर्षातून काही दिवसच पोहोचणाऱ्या शेतकऱ्याच्या बागेचे उत्पन्न घटत जाते. आणि जी जमीन कसली जात नाही तिच्यावरील हक्क पुढे कायद्याच्या वाटेनेही धोक्यात येतो.

साक्ष आणि मदत यांतील ताण

नोव्हेंबर २००४ मध्ये बेत इबा येथे सैनिकांसमोर व्हायोलिन वाजवणाऱ्या एका पॅलेस्टिनी तरुणाचे चित्रण माखसोम वॉचच्या एका स्वयंसेविकेने केले आणि ते प्रसिद्ध होताच इस्रायलमध्ये खळबळ उडाली, कारण त्या दृश्याने अनेकांना नाझी छळछावण्यांतील ज्यू वादकांची आठवण करून दिली. त्याला वाजवायला भाग पाडले नव्हते, असे लष्कराचे म्हणणे होते. या वादात एक गोष्ट मागे पडली: त्याच दिवशी, त्याच रांगेत, व्हायोलिन नसलेली शेकडो माणसे ताटकळत होती आणि त्यांच्याविषयी कोणी काही विचारले नाही. असामान्य प्रसंग समाजाला हलवतो, पण नाक्याचे वास्तव त्याच्या सामान्य दिवसांत असते. त्या दिवसांची नोंद ठेवण्यासाठी लागणारी चिकाटी प्रसिद्धीच्या मोबदल्याविना टिकवावी लागते.

गटाच्या आत सुरुवातीपासून एक गंभीर मतभेद राहिला. काहींच्या मते स्त्रियांनी फक्त पाहावे आणि लिहावे. अधिकाऱ्यांना दूरध्वनी करून एखाद्याची सुटका करवली की तो अधिकारी सहृदय ठरतो, लष्कर आपल्या मानवतावादी सोयींचा दाखला देते, आणि मुळात नसावी अशी व्यवस्था सुसह्य होऊन अधिक काळ टिकते. इतरांचे म्हणणे असे की समोर तापाने फणफणलेले मूल असताना तत्त्वासाठी दूरध्वनी न करणे हे निरीक्षण नसून निर्दयपणा आहे. हा प्रश्न कधीच पूर्ण सुटला नाही आणि तो सुटण्याजोगाही नाही, कारण दोन्ही बाजू खऱ्या आहेत. संघटनेने तो झाकून न ठेवता प्रामाणिकपणे आपल्या अहवालांतून आणि पुस्तकांतून मांडला, आणि केशेत यांच्या २००६ मधील नाक्यांविषयीच्या ग्रंथात त्याची सविस्तर चर्चा आहे.

दुसरी मर्यादा निरीक्षकांच्या स्थानाची. या स्त्रिया नाक्यावर उभ्या राहू शकतात, सैनिकाशी हिब्रूत वाद घालू शकतात आणि संध्याकाळी पिवळ्या पट्टीच्या मोटारीने घरी परतू शकतात, ते त्या इस्रायली नागरिक आहेत म्हणून. रांगेतल्या पॅलेस्टिनी स्त्रीला यांपैकी काहीच करता येत नाही. विषमतेविरुद्ध साक्ष देण्याची क्षमताही त्याच विषमतेतून आलेली आहे. या विशेषाधिकाराला सीमाही आहेत: इस्रायली नागरिकांना अ क्षेत्रात जाण्यास लष्करी आदेशाने मनाई आहे, आणि नाक्याचा परिसर ‘बंद लष्करी क्षेत्र’ घोषित करून निरीक्षकांना हटवता येते.

इतर निरीक्षक

बाहेरून आलेल्या निरीक्षकांचा प्रकार वेगळा आहे. जेरुसलेममधील चर्चप्रमुखांच्या आवाहनावरून वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या जागतिक चर्च परिषदेने २००२ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमात निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक साधारण तीन महिन्यांसाठी येतात, पहाटे नाक्यांवर पार होणाऱ्या माणसांची मोजणी करतात आणि शाळकरी मुलांची सोबत करतात. त्यांच्या मोजणीचा उपयोग संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनाही होतो. हेब्रॉनमध्ये १९९४ साली वेस्ट बँकेतील इस्रायली वसाहतीत राहणाऱ्या एकाने इब्राहिमी मशिदीत २९ नमाजींना ठार केल्यानंतर स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय निरीक्षक पथक मात्र सरकारांनी नेमलेले होते आणि त्याचे अहवाल जनतेसाठी खुले नव्हते. २०१९ च्या आरंभी इस्रायलने त्याची मुदत वाढवण्यास नकार दिला आणि ते संपुष्टात आले. या दोहोंच्या तुलनेत माखसोम वॉचचे वैशिष्ट्य स्पष्ट होते: तिला कोणत्याही सरकारच्या संमतीची गरज नाही, आणि तिचा श्रोता मुख्यतः तिचा स्वतःचाच समाज आहे. तिच्यातील काही स्त्रियांनीच २००५ मध्ये ‘येश दीन’ ही व्याप्त प्रदेशातील कायद्याच्या अंमलबजावणीचा पाठपुरावा करणारी संस्था स्थापन केली.

२०२३ नंतर

७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर आणि गाझातील युद्धानंतर वेस्ट बँकेतील चित्र अधिक कठोर झाले. त्यापूर्वी इस्रायलमध्ये आणि इस्रायली वसाहतींत काम करणाऱ्या सुमारे दीड लाख पॅलेस्टिनी कामगारांपैकी बहुतेकांचा प्रवेश थांबवला गेला. त्यांची जागा भरण्यासाठी इस्रायलने भारताकडेही पाहिले आणि २०२४ मध्ये हरियाणा व उत्तर प्रदेशापाठोपाठ महाराष्ट्रातही बांधकाम कामगारांच्या भरतीची प्रक्रिया झाली. त्या अर्थाने नाक्यावर बंद झालेल्या रांगेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचतो. गावांच्या तोंडाशी नवी लोखंडी फाटके बसवण्यात आली, आणि १९ जुलै २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या नव्या सल्लात्मक मतात इस्रायलची व्याप्त प्रदेशातील उपस्थितीच बेकायदेशीर ठरवली, त्यात ये-जा करण्यावरील निर्बंधांचाही विचार होता.

या साऱ्याकडे पाहता निरीक्षकांनी काही नाके हटवले नाहीत, उलट अडथळे वाढले, म्हणून त्यांचे काम विफल ठरले असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. सत्ता जेव्हा लेखी नियमाऐवजी लहरीवर चालते, तेव्हा तिच्याविरुद्धचा पुरावाही सरकारी दप्तरात सापडत नाही. तो कोणी तरी स्वतःहून तयार करावा लागतो. २००१ पासून जमा झालेले हजारो अहवाल हा असा पुरावा आहे. त्यामुळे आपल्याला काही ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय इस्रायली समाजाला उरलेली नाही, आणि उद्या कोणत्याही न्यायासनापुढे, किंवा समेटाच्या कोणत्याही बैठकीत, वेस्ट बँकेतील सामान्य दिवस कसा होता हे विचारले गेले, तर त्याचे उत्तर तारीख, वेळ आणि ठिकाण यांसह देता येईल.